मालकांची कोंडी आणि न्यायालयाचा हस्तक्षेप : मोजक्या भागधारकांच्या कंपन्यांविषयीच्या निर्णयांची चिकित्सा

प्रस्तावना

कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व १८९७ च्या सॉलोमन खटल्यापासून वाणिज्य आणि विधी या दोन्ही शाखांत शिकविले जाते. मात्र ज्या कंपनीचे सर्व भाग दोन भावांच्या किंवा पिता-पुत्रांच्या हाती असतात, तेथे हे वेगळेपण बहुधा कागदावरच राहते. घरात अबोला सुरू झाला की कारखान्यातही अबोला सुरू होतो. अशा वेळी प्रकरण न्यायालयात जाते आणि न्यायालयाला एका कुटुंबाच्या भांडणातून एका उद्योगाचा निकाल लावावा लागतो. हे काम भारतीय न्यायसंस्थेने कोणत्या निकषांवर केले आणि त्या निकषांत काय सुटून गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या शहरात हा प्रश्न केवळ कायद्याच्या अभ्यासकांचा नाही. शिवाय कंपनीच्या मालकांना बाजूला सारून बाहेरच्या सत्तेने कारभार हाती घेतल्याचा भारतातील एक मूलभूत खटला याच शहरातील गिरणीचा आहे.

कोंडीचे स्वरूप

व्यवहारात ज्याला ‘डेडलॉक’ म्हणतात ती अवस्था कशी निर्माण होते, हे आधी पाहणे आवश्यक आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलचा एखादा कारखाना आहे, अशी कल्पना करावी. दोन भाऊ, निम्मे-निम्मे भाग, दोघेही संचालक, बँकेच्या खात्यावर दोघांच्या सह्या आवश्यक. कंपनीची नियमावली छापील नमुन्यावरून तयार केलेली. मतभेद झाल्यास काय करावे याचा तीत उल्लेख नाही. एके दिवशी धाकटा भाऊ सभेला येणे थांबवितो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे संचालक मंडळाच्या सभेला किमान दोन संचालक हवेत आणि कलम १०३ प्रमाणे खासगी कंपनीच्या सर्वसाधारण सभेला किमान दोन सभासद प्रत्यक्ष हजर हवेत. म्हणजे एकाच्या गैरहजेरीने दोन्ही सभा अडतात. तो हजर राहिला तरी प्रत्येक ठराव बरोबरीत अडकतो. संचालकाला काढण्यासाठी साधे बहुमत पुरते. परंतु निम्म्या मतांना बहुमत म्हणत नाहीत.

यात विशेष बाब अशी की, अद्याप कोणीही कायदा मोडलेला नाही. सभेला न येणे हा गुन्हा नाही आणि ठरावाच्या विरोधात मत देणे तर हक्कच आहे. तरीही सूत व्यापाऱ्याचे देणे थकते, वीजबिलाच्या धनादेशावर दुसरी सही होत नाही आणि दिवाळीच्या तोंडावर बोनसचा निर्णय कोणी घ्यायचा हे ठरत नाही. भाग विकून बाहेर पडावे, तर खासगी कंपनीत भागांच्या हस्तांतरणावर बंधन असतेच. ते नसते तरी भांडणाचा अर्धा हिस्सा पैसे मोजून विकत घ्यायला कोण येणार?

हेच दोन भाऊ भागीदारीत असते तर वाट सोपी होती. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४३ नुसार, मुदत न ठरलेली भागीदारी कोणीही भागीदार लेखी नोटीस देऊन संपवू शकतो. मर्यादित जबाबदारीसाठी किंवा बँकेच्या कर्जासाठी भागीदारीचे रूपांतर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत होते, तेव्हा हा बाहेर पडण्याचा दरवाजा बंद होतो. कागदपत्रांवर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही. न्यायालयांपुढे येणाऱ्या कोंडीच्या प्रकरणांचे मूळ पुष्कळदा या एका रूपांतरात असते.

इंग्रजी वारसा

या प्रश्नावरील पहिले प्रसिद्ध उत्तर १९१६ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने येनिद्जे टोबॅको कंपनीच्या खटल्यात दिले. वाइनबर्ग आणि रॉथमन या सिगारेट उत्पादकांनी धंदे एकत्र करून कंपनी काढली आणि समान अधिकार ठेवले. पुढे दोघांचे बोलणे इतके थांबले की निरोप कंपनीच्या चिटणीसामार्फत जाऊ लागले. कंपनी नफ्यात होती. तरीही ही वस्तुतः भागीदारीच आहे आणि भागीदारी असती तर ती विसर्जित झाली असती, या युक्तिवादावर न्यायालयाने ‘न्याय्य व समन्यायी’ या आधाराने अवसायनाचा आदेश दिला. इब्राहिमी विरुद्ध वेस्टबोर्न गॅलरीज या १९७२ च्या निर्णयात हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे मांडले. गालिच्यांच्या त्या कंपनीत लाभांश दिला जात नसे, नफा संचालकांच्या मोबदल्यातून वाटला जाई. त्यामुळे इब्राहिमी यांना संचालक मंडळावरून काढणे म्हणजे त्यांचे उत्पन्नच बंद करणे होते. काढण्याची कृती कायद्याच्या अक्षराला धरून होती, तरी परस्परविश्वासावर उभ्या राहिलेल्या कंपनीत कायदेशीर अधिकारही न्यायबुद्धीच्या मर्यादेत राहूनच वापरावा लागतो, असे त्या निर्णयाने प्रस्थापित केले.

या दोन्ही निर्णयांतील सहृदयता मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दोन्ही ठिकाणी नफ्यात चालणारा धंदा बंद करण्याचा आदेश झाला. विश्वास तुटला म्हणून संसार मोडावा, हे समजू शकते. पण येथे संसारासोबत घरात काम करणाऱ्यांची चूलही विझते. त्या चुलीचा विचार इंग्रजी न्यायालयाला करावा लागला नाही, कारण वादात ती पक्षकार नव्हती.

अपराध्याचा शोध

भारतात १९५१ च्या दुरुस्तीने १९१३ च्या कंपनी कायद्यात कलम १५३-क घालण्यात आले आणि अवसायनाला पर्याय निर्माण झाला. १९५६ च्या कायद्यात त्याची कलमे ३९७, ३९८ आणि ४०२ झाली. २०१३ च्या कायद्यात ती २४१ आणि २४२ या क्रमांकांनी आली. १९९१ पासून हे अधिकार कंपनी लॉ बोर्डाकडे होते, जून २०१६ पासून ते राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे आहेत. सोलापूरच्या कंपनीचे प्रकरण त्याच्या मुंबई खंडपीठापुढे चालते. न्यायाधिकरण एका गटाला दुसऱ्याचे भाग विकत घ्यायला लावू शकते, संचालक नेमू शकते, कारभाराची पुढील घडी बसवून देऊ शकते. अधिकार इतके विस्तृत आहेत की कोंडी फोडण्यास ते अपुरे पडावेत, असे वाटत नाही.

अडचण अधिकाराच्या उंबरठ्यावर आहे. कलम ३९७ ची मागणी अशी की, कारभार दडपणुकीचा असल्याचे सिद्ध व्हावे आणि अवसायन न्याय्य ठरावे इतकी परिस्थिती असावी. म्हणजे अर्जदाराने प्रथम अपराधी दाखवावा. कोंडीत मात्र अपराधी नसतोच, किंवा दोघेही थोडेथोडे असतात. परिणामी कायद्याच्या या मागणीमुळे वकिलाला अर्जात अपराध रचावा लागतो : जुने हिशेब उकरले जातात, सभेच्या नोटिशीतील एका दिवसाची उणीव कटाचा पुरावा ठरते आणि जे मतभेद एखाद्या मध्यस्थाने मिटविले असते, त्यांना विश्वासघाताचे रूप येते. कोंडीची प्रकरणे लांबण्याचे हे एक कारण मानावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आरंभी सावध होती. हिंद ओव्हरसीज खटल्यात (निर्णय १९७५) कंपनीला सहजासहजी भागीदारी समजू नये आणि केवळ परस्परांवरील अविश्वास अवसायनास पुरेसा नाही, असे सांगून अवसायन नाकारले गेले. किलपेस्ट खटल्यात (१९९६) तोच सूर कायम राहिला. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील खासगी गुंतवणूक कंपनीच्या वादात, म्हणजे संग्रामसिंह गायकवाड विरुद्ध शांतादेवी गायकवाड या २००५ च्या निर्णयातही भागीदारीसदृश कंपनीचे तत्त्व जपून वापरण्याचा इशारा आहे. त्या घराण्यातील मालमत्तेचा दीर्घ वाद शेवटी २०१३ मध्ये आपसांतील तडजोडीने मिटला, ही गोष्ट न्यायनिर्णयांच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. टाटा सन्स प्रकरणातही (२०२१) कार्यकारी अध्यक्षाला पदावरून दूर करणे म्हणजे आपोआप दडपणूक होत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायाधिकरणाचा २०१९ चा आदेश रद्द केला.

या सावध परंपरेला छेद देणारे दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. पहिला, नीडल इंडस्ट्रीज (१९८१). सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निर्णयात दडपणूक सिद्ध झाली नाही असे म्हणूनही, दुसऱ्या गटाला आर्थिक भरपाई देण्याचा आदेश झाला. अपराध नाही, तरी न्याय करण्याचे कर्तव्य उरते, ही त्यामागील भूमिका होती. दुसरा, एम. एस. डी. सी. राधारमणन (२००८). तामिळनाडूतील एका सूतगिरणी कंपनीतील पिता-पुत्रांचा हा वाद. दोघांचे पटत नव्हते आणि कंपनीचा कारभार अडला होता. दडपणूक सिद्ध झाली नसली तरी कोंडी फोडण्यासाठी एकाने दुसऱ्याचे भाग मूल्यांकनानुसार विकत घ्यावेत, हा कंपनी लॉ बोर्डाने सुचविलेला मार्ग सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कायद्याच्या शब्दांकडे पाहिले तर हा ताणलेला अर्थ आहे. कारखान्याकडे पाहिले तर तो आवश्यक होता. मात्र न्यायालयाने हा अर्थ अपवाद म्हणून स्वीकारला, नियम म्हणून घडविला नाही. त्यामुळे आजही अर्जदाराचा वकील राधारमणनचा आधार घेतो आणि सोबत, खबरदारी म्हणून, दडपणुकीचे पन्नास परिच्छेदही लिहितो.

मुंबई उच्च न्यायालयाचा राकेश मल्होत्रा खटल्यातील २०१४ चा निर्णय येथे ओघाने नमूद करणे योग्य ठरेल. दडपणूक व गैरव्यवस्थापनाचे खरेखुरे वाद लवादाकडे सोपविता येत नाहीत, कारण या कलमांखालील अधिकार लवादाला नाहीत, असे त्यात सांगितले आहे. तत्त्व बरोबर आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, ज्या भावांनी शहाणपणाने करारात लवादाची तरतूद केली, त्यांनाही अपराधाची भाषा बोलत मुंबई गाठण्याचा मोह होतो.

जुनी मिल : दुसऱ्या टोकाचा हस्तक्षेप

मालकांच्या भांडणात तिसऱ्या घटकाचा विचार कायद्याने कधी केलाच नाही, असे मात्र नाही. १८७० च्या दशकात मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची जुनी मिल, ही मोजक्या मालकांची कंपनी नव्हती. तिचे वसूल भागभांडवल ३२ लाख रुपये होते. त्यात १०० रुपयांचे ३२,००० अग्रहक्क भाग होते आणि त्यांवर प्रत्येकी ५० रुपयेच भरलेले होते. त्यामुळे हे कोंडीचे शुद्ध उदाहरण नाही. तरीही तिच्या इतिहासातील एक प्रसंग कोंडीचाच आहे. २७ ऑगस्ट १९४९ रोजी गिरणी बंद झाली. त्यानंतर सरकारने नेमलेल्या नियंत्रकाने अग्रहक्क भागांवरील उरलेले ५० रुपये मागवून भांडवल उभारण्याचे ठरविले आणि संचालकांनी ही मागणी काढण्यास नकार दिला. ज्यांच्या सहीशिवाय पैसे येत नाहीत त्यांनी सही नाकारणे, हे टॉवेल कारखान्यातील धाकट्या भावाचेच वर्तन आहे. फक्त आकार मोठा.

येथे हस्तक्षेप न्यायालयाने केला नाही. ९ जानेवारी १९५० रोजी अध्यादेश निघाला आणि एप्रिलमध्ये संसदेचा कायदा झाला. जुने संचालक गेले, सरकारने नवे नेमले. भागधारकांनी केलेल्या संचालकांच्या निवडीला अर्थ उरला नाही. त्यांचा कोणताही ठराव सरकारच्या मान्यतेविना अमलात येईना. इतकेच नव्हे, तर सरकारच्या संमतीशिवाय कंपनीच्या अवसायनाची कार्यवाहीही न्यायालयात करता येणार नव्हती. न्यायालयाचे दारच या कायद्याने बंद केले. कारण म्हणून जीवनावश्यक मालाचे उत्पादन आणि बेकारी या दोन गोष्टी कायद्याच्या प्रस्तावनेत नोंदविल्या होत्या. कंपनी कायद्याच्या नेहमीच्या भाषेत हे दोन्ही शब्द सापडत नाहीत, याकडे लक्ष द्यावे.

चिरंजितलाल चौधरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये ३ विरुद्ध २ अशा बहुमताने कायदा टिकविला. एकाच गिरणीसाठी कायदा करणे समानतेच्या विरोधात आहे, असे न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. दास यांचे अल्पमत होते. तीन वर्षांनी, १८ डिसेंबर १९५३ रोजी, अग्रहक्क भागधारक द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात निकाल उलटा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने वैध ठरविलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला. नुकसानभरपाई न देता मालमत्ता काढून घेतली गेली, या आधारावर. मालकाच्या हाती नावापुरता हक्क ठेवून त्यातला अर्थ काढून घेणे हे हरणच होय, ही त्यामागील विचारसरणी आजही तर्काला पटते. संसदेने १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने या निकालाला उत्तर दिले : सार्वजनिक हितासाठी मर्यादित काळ व्यवस्थापन हाती घेणाऱ्या कायद्यांना कलम ३१-अ मध्ये संरक्षण मिळाले.

या घटनाक्रमाचा अभ्यास सहसा घटनाकायद्याच्या तासाला होतो आणि मालमत्तेच्या हक्कापाशी थांबतो. कंपनी कायद्याच्या तासाला येनिद्जे आणि इब्राहिमी शिकविले जातात. दोन प्रवाह एकत्र ठेवले तर एक विसंगती उघड होते. गिरणी चालली पाहिजे हा विचार आला तो संसदेकडून आणि एकाच गिरणीपुरता. मालकांचे नाते सांभाळले पाहिजे हा विचार आला तो न्यायालयांकडून आणि सर्व कंपन्यांसाठी. १९६३ च्या दुरुस्तीने कलम ३९७ आणि ३९८ मध्ये ‘सार्वजनिक हित’ हे शब्द घालून विधिमंडळाने दोहोंना जोडणारा दुवा न्यायालयांच्या हाती दिला. २०१३ च्या कायद्यातही तो कायम आहे. परंतु कोंडीविषयीच्या वर उल्लेखिलेल्या निर्णयांत युक्तिवाद फिरतो तो पक्षकारांमधील न्यायाभोवती.

ज्यांचे म्हणणे ऐकले जात नाही

नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियन विरुद्ध पी. आर. रामकृष्णन या खटल्यात डिसेंबर १९८२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ३ विरुद्ध २ बहुमताने ठरविले की, अवसायनाच्या अर्जात कामगारांना आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. न्या. भगवती यांच्या बहुमतातील विवेचनानुसार कंपनी ही केवळ भांडवल घालणाऱ्यांची मालमत्ता नाही; श्रम घालणाराही तिचा घटक आहे. अल्पमतातील न्यायाधीशांना हा हक्क कायद्याच्या शब्दांत कोठे दिसला नाही, आणि त्यांची शंका निराधार होती असे म्हणता येत नाही. पण निर्णय झाला आणि तो महत्त्वाचा आहे.

त्याचा व्यावहारिक परिणाम मात्र विचित्र आहे. गिरणी बंद करण्याचा अर्ज आला तर कामगार बोलू शकतो. तोच वाद दडपणुकीच्या कलमाखाली आला, म्हणजे आज बहुधा ज्या मार्गाने येतो त्या मार्गाने आला, तर त्याला असे निश्चित स्थान नाही. पर्यायी उपाय सौम्य असल्यामुळे कामगाराला त्याची झळ लागत नाही, असे यामागे गृहीत धरलेले दिसते. ते गृहीत तपासून पाहावे लागते. एका भावाने दुसऱ्याचे भाग विकत घ्यावेत, असा आदेश झाला की त्याची किंमत कोठून येते? कलम २४२ नुसार न्यायाधिकरण प्रसंगी खुद्द कंपनीलाच ते भाग विकत घेण्यास सांगू शकते आणि त्या प्रमाणात भांडवल कमी होते. भावाने स्वतः घेतले तरी त्याच्याकडील मालमत्ता म्हणजे बहुधा तोच कारखाना. कर्ज त्याच्यावरच निघते. सूत रोखीने घ्यायचे आणि टॉवेल उधारीवर विकायचे, अशा धंद्यात खेळते भांडवल किती नाजूक असते, हे सोलापूरच्या वाचकास सांगण्याची गरज नाही. मूल्यांकनकार ज्या तारखेचा ताळेबंद धरतो, ती तारीख कोंडीच्या आधीची की नंतरची, यावर बाहेर पडणाऱ्याची रक्कम ठरते आणि आत राहणाऱ्यांचा पुढचा हंगामही. ही तारीख ठरविताना दोन वकील बोलतात. सूत व्यापारी, बँक आणि मुकादम बोलत नाहीत.

त्याआधीही एक टप्पा आहे, तो अंतरिम आदेशाचा. अर्ज दाखल होताच ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्याचा आदेश मागितला जातो आणि तो निष्पक्ष भासतो. पण कोंडीत जैसे थे म्हणजे कोंडीच. दोन सह्यांचे खाते दोन सह्यांचेच राहते. १९५० चा कायदा अवाजवी होता, हे द्वारकादास निकालानंतर मान्य करावे लागते. तरी त्याने एक बाब नेमकी ओळखली होती. वाद चालू असताना कोणीतरी सही करणारे लागते. कलम २४२ मध्ये संचालक नेमण्याचा आणि अंतरिम आदेश काढण्याचा अधिकार आहेच. मालकीला हात न लावता, केवळ वेतन, वीज, सूत आणि बँकेचे हप्ते एवढ्यापुरती सही करणारा एक त्रयस्थ संचालक पहिल्याच तारखेला नेमण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. त्यासाठी दडपणूक सिद्ध होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण तो आदेश कोणाच्या विरुद्ध नसतो. जुनी मिल बंद झाल्यापासून अध्यादेश निघेपर्यंत साडेचार महिने गेले होते आणि तेवढ्या अवधीत एका शहराची घडी विस्कटली होती. टॉवेलच्या कारखान्याला तितका अवधीही मिळत नाही, माग विकले जातात आणि विणकर दुसऱ्या शेडमध्ये निघून जातो.